झेंडा त्यांचा, जिना आमचा

सोमवार, ३ मार्च

सकाळी सकाळी भोंग्याने प्रचाराची रिक्षा माझ्या खिडकीखाली आणून उभी केली. कर्ण्याचं तोंड थेट माझ्या ओट्याकडे. ‘पुन्हा एकदा आमदारसाहेब!’ मी दचकले, दूध उतू गेलं. भोंगा म्हणजे धाकटीचा नवरा, माझ्या सख्ख्या बहिणीचा. आमदाराच्या पक्षाचा इथला अध्यक्ष. नाव मीच ठेवलंय, आता सगळी वस्ती तेच म्हणते.

“आवाज कमी करा, नाहीतर वरून पाणी ओतते!”

हसला. “ताई, कशाला दगदग करताय या वयात? ही आमची हक्काची जागा.”

हक्काची म्हणे! आंदण मिळालीय का?

बुधवार, ५ मार्च

शिंपिणीच्या दुकानात बैठक. खुर्च्या दोन, बायका दुकानभर. आमच्या उमेदवार नर्सबाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. आमदाराने वस्तीतला दवाखाना बंद केला आणि त्या जागेत स्वतःचं कार्यालय थाटलं, त्याच दवाखान्यातल्या या नर्सबाई. आम्हाला सीट हवी ती दवाखान्यासाठी. बाकी भाषणं गेली खड्ड्यात.

मी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. गर्दी कशी हलवायची ते मला कळतं — एकदम नाही, दाराशी उभ्या असलेल्यापासून. म्हणून ठरवलं, एका बाईला एक जिना. आपण राहतो त्याच जिन्यात बोलायचं, परक्या दारात जायचं नाही.

आणि झेंड्यांचं? गेल्या वेळी ज्यांनी त्यांचा झेंडा नाकारला, त्यांच्या नळाचं पाणी ‘दुरुस्तीसाठी’ बंद झालं होतं. म्हणून सांगितलं — झेंडा दिला तर घ्या, गॅलरीत लावा, गोड हसा, हो म्हणा. मत देताना आत कोणी बघत नाही.

रविवार, ९ मार्च

धाकटी दुकानापाशी दिसली. हाक मारली. पिशवी सावरत निघून गेली.

शुक्रवार, १४ मार्च

आज राग मावत नाहीये, लिहूनच टाकते.

दवाखाना बंद झाला त्याच वर्षी धाकटीचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या तेव्हा मी होते सोबत. मोठं हॉस्पिटल पुलापलीकडे, पुलावर गाड्या तुंबलेल्या. रिक्षात तिने माझा हात इतका आवळला की बांगडी वाकली. बाळ रडलंच नाही. ती अजून हॉस्पिटलातच होती आणि भोंगा आमदाराच्या सत्काराला माईक धरून उभा! मी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोलले. तेव्हापासून त्याने आमचं बोलणं बंद केलं. म्हणजे तिचं. माझं कोण बंद करणार?

ती त्याच घरात राहते, त्याला वेळेवर जेवायला वाढते. मला तिचा राग येतो. मग तिचा चेहरा आठवतो आणि स्वतःचीच लाज वाटते.

मंगळवार, १८ मार्च

आमच्या पक्षाच्या मुख्य कार्यालयातून चष्मेवाले आले, पाहणी करायला. रस्त्यातूनच मान वर करून बघितलं — प्रत्येक गॅलरीत त्यांचा झेंडा! “बाई, इथे तर चिटपाखरूही आपलं नाही.”

समजावलं, झेंडे आम्हीच लावायला सांगितलेत. पोट धरून हसले. “म्हणजे सगळी वस्ती त्यांच्याशी खोटं बोलतेय?”

“हो! आम्हीच शिकवलंय.”

“मग तुमच्याशी खरं बोलते कशावरून?”

प्रचाराची गाडी नेली, मतदानासाठी दिलेली माणसंही शेजारच्या मतदारसंघात वळवली. मी म्हटलं, “न्या! तुमच्या गाडीत आमचे जिने मावतही नव्हते.”

बुधवार, १९ मार्च

तोंडावर बोलले खरी, पण मेल्याने डोक्यात किडा सोडला. तळमजल्यावरचे आजोबा आज भोंग्याला म्हणाले, “तुम्हालाच!” आणि मला बघून तसंच्या तसं हसले, “तुम्हालाच हो!” आता यातलं कुठलं खरं धरायचं?

शिंपीण म्हणाली, “अगं, गिऱ्हाईक भावात खोटं बोलतं, मापात नाही. ज्या घरातल्या बाईने दवाखान्यावाचून काय सोसलं ती गोष्ट आपणहून सांगितली, ते घर आपलं.”

माझ्या जिन्यातल्या सगळ्यांनी सांगितली होती. आजोबांनीसुद्धा, बायकोची. हरलो तर हरलो, पण घरात बसून हरणार नाही!

सोमवार, २४ मार्च

पाय सुजलेत. जिन्याच्या पायऱ्या संपत नाहीत. घसा बसला — भोंग्याचा नाही, माझा!

रविवार, ३० मार्च

मतदान. गाडी नाही म्हणून काही अडलं नाही. प्रत्येक जिन्याने आपापली म्हातारी माणसं खाली आणली. आजोबांना तर खुर्चीसकट उचललं, ते वरून सूचना देत होते — “डावीकडून घ्या, डावीकडून!”

शाळेबाहेरच्या रस्त्यावर भोंगा टेबल मांडून बसलेला. धाकटी आली. तो सगळ्यांदेखत ऐटीत म्हणाला, “काय, लक्षात आहे ना?”

ती थांबली.

“आहे,” म्हणाली. केवढ्याने! “पूल लक्षात आहे. बाळ लक्षात आहे. नर्सबाईंना देतेय मत.”

भोंग्याचा चहा हातातच राहिला.

संध्याकाळी बॅग घेऊन माझ्या दारात. “ताई, दोन दिवस राहू?” मी बॅग ओढून आत घेतली आणि रडले.

बुधवार, २ एप्रिल

जिंकलो!!! थोडक्यात, पण जिंकलो! नर्सबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, पहिलं काम दवाखाना. गॅलऱ्यांतले झेंडे पटापट उतरले. शिंपीण ते गोळा करत फिरतेय, म्हणते कापड चांगलं आहे, दवाखान्याला पडदे होतील.

चष्मेवाल्यांचा फोन — “बघा, आमची रणनीती यशस्वी झाली!” मी म्हटलं, “हो, गाडी नेलीत ना, ती फार उपयोगी पडली.”

धाकटी कितीतरी वर्षांनी खळखळून हसली.

रविवार, ६ एप्रिल

भोंगा आमच्या पक्षात! चष्मेवाल्यांनीच हार घालून घेतला — “अनुभवी माणूस आहे.” सकाळी दारात हजर, गळ्यात आमच्या पक्षाचा पट्टा. “ताई, आता कसलं भांडण? एकाच पक्षातले झालो आपण. तुमच्या बहिणीला पाठवून द्या.”

मी तोंड उघडलं होतं, पण आतून धाकटीच बाहेर आली.

“मी पक्षासाठी घर सोडलं नव्हतं,” म्हणाली, आणि दार तिनेच लावलं.