पुढच्या सीटवरची बादली

४ सप्टेंबर
आजपासून स्नॅपड्रॅगनची फुलं लावायची, हिच्यासारखी दुकानात विकायला. ही गेली तेव्हा बियांचं एक पाकीट कपाटात राहिलं होतं. फुलवाला म्हणाला, दुकानातली खिडकीजवळची काकूंच्या फुलांच्या बादलीची जागा फेब्रुवारीअखेर राखतो, काका. मग दुसऱ्याला देईन. म्हटलं, खुशाल राख. इतकी वर्षं हिचं काम पाहिलंय, वर्तमानपत्राच्या आडून का होईना. झाडाला संस्कृत नावही ठरवलं: मकरमुखी. मेहुणी म्हणाली, भावजी, बारशाआधी जन्म तर होऊ द्या.

६ सप्टेंबर
बी कसलं, तपकीर. शिंक आवरून पेरलं. वर बोटभर माती, गारठू नये म्हणून. काम फत्ते.

२१ सप्टेंबर
ट्रे जसाच्या तसा. बी जुनं असणार. मेहुणी म्हणते, याला उजेड लागतो, ताई नुसतं वरून भुरभुरायची. पांघरूण माणसांना घालतात. पाकिटावर छापलंय म्हणे. अक्षर फार बारीक. उरलेलं पेरलं, उघडं.

३ ऑक्टोबर
ट्रेमध्ये हिरवी धूळ. आनंद व्हायला हवा होता. होईल, सवडीने.

४ ऑक्टोबर
झारीने पाणी घातलं. रोपं वाहत जाऊन एका कोपऱ्यात सभा भरवून बसली. निम्मी उठलीच नाहीत. यापुढे ट्रे पाण्यात ठेवून खालून पाजायचं. हे मला माहीत होतंच. सुभाषितं पुष्कळ पाठ आहेत. ट्रेबद्दल एकही नाही.

९ नोव्हेंबर
रोपं वाफ्यात लागली. शेंडे खुडले की फांद्या फुटतात, दांडे जास्त मिळतात. उद्या खुडणार.

१६ नोव्हेंबर
उद्या नक्की. उगाच कुणाची मुंडी का उडवा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.
संध्याकाळी: चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात मेहुणीने सगळे खुडले. म्हटलं, मी करणारच होतो. म्हणाली, हो, ताईसुद्धा तुमच्याबद्दल हेच सांगायची.

१९ फेब्रुवारी
फुलली. दांडे छडीसारखे सरळ. बरेचसे कापले. ही होती तेव्हा गाडी तीच चालवायची. शेजारच्या सीटवर बादली, बादलीला पट्टा, आणि नवरा मागे. या अपमानाबद्दल अनेकदा बोललो होतो. आता चालवणारा मी, पद्धत माझी. फुलं ओल्या गोणपाटात गुंडाळून डिकीत आडवी. रात्रभर आराम. शेजारची सीट रिकामीच बरी.

२० फेब्रुवारी
आडव्या फुलांनी रात्रीतून माना वर काढल्या. एकूण एक दांडा हॉकीची काठी. फुलवाल्याने एक उचलून पाहिला. म्हणाला, काका, ही उभीच न्यायची असतात, म्हणून तर काकू पट्टा बांधायच्या. हे गिऱ्हाइकाला काय म्हणून देऊ? महिना संपायचाय अजून, बघा.
बघतो. थोड्या कळ्या आहेत वाफ्यात.

२८ फेब्रुवारी
शेवटचे दांडे कापले. दुकान सहाला बंद होतं, वेळ भरपूर होता. बादली पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, ओढून पाहिला. सगळे दांडे सरळ. या वेळी काहीही चुकलं नाही. मग मागचं दार उघडून आपल्या जागेवर बसलो.
गाडी निघेना. चालवणारं कोणी नाही हे ध्यानात येईपर्यंत सहा वाजून गेले होते.