होकाराआधीच्या टाळ्या

९ नोव्हेंबर १९७८, गुरुवार

दुपारी पुन्हा बेल. शिरोळकडचा म्हातारा, डोळ्याला फडकं बांधलेलं. "डॉक्टर हायत काय?" न्हाईत म्हटलं. (माझीही जीभ लगेच तिकडे वळते.) "कवा येनार?" मार्चअखेर. "लई लांब की ओ." होय बाबा, मलाही लांबच वाटतं. सरकारी दवाखान्याची वाट सांगितली. खाली डॉ.च्या दवाखान्याला कुलूप आहे, पण पाटी तशीच, त्यामुळे बेल थांबत नाही. खरं सांगायचं तर वाजली की बरंच वाटतं.

संध्याकाळी क्लबची फॅमिली नाइट. क्लबाने डॉ.ना टांझानियात फुकट डोळ्यांची ऑपरेशनं करायला वर्षभर पाठवलं, तेव्हापासून माझं काय करायचं ते क्लबाला कळत नाही. कार्डावर 'डॉ. व सौ.' असंच. सौ. एकटी गेली. खेळ सगळे जोडप्यांचे, म्हणून मला पंच करतात. शिट्टी वाजवायची. आता चांगलीच वाजवता येते.

नंतर फेलोशिप, म्हणजे जेवण. मटण असलं की फेलोशिप जरा जास्त असते. प्रेसिडेंट पाटोळ्यांच्या सुमनवहिनी मनाने चांगल्या. त्यांनी स्वतः येऊन वाढलं, पाठीवर हात ठेवला, आणि आपल्या टेबलाकडे गेल्या. माझ्या टेबलावर मी आणि लोकांच्या पर्सा.

१९ नोव्हें., रविवार

एका माणसाचा तांबडा-पांढरा रस्सा होत नाही. मागच्या रविवारी केला तो बुधवारपर्यंत खाल्ला. आज पिठलं.

डॉ.चं पत्र. ऑपरेशनं, पाऊस, वीज गेल्यावर कंदील धरून टाके. शेवटी 'तब्येत जप'. हेच क्लबच्या बातमीपत्रात छापलं तरी चाललं असतं. छापलंच होतं मागचं, फक्त शेवटची ओळ गाळून.

उत्तर लिहायला बसले. परसातल्या लिंबाला यंदा फळ धरलं नाही, एवढंच लिहिलं. मलाही दुसरं सुचेना.

१२ डिसेंबर, मंगळवार. गडहिंग्लज

क्लबचं नेत्रशिबिर. शाळेच्या वर्गांतून गाद्या घातल्यात. ऑपरेशनं मिरजेचे डॉक्टर करतायत. मेंबरांच्या बायका फोटो होईपर्यंत होत्या, मग मोटारीतून परत. मी राहिले. घरी कोण वाट बघतंय.

खिडकीखालची म्हातारी. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या. पेज भरवत होते.

"कोन ग तू, अक्का?"

"डॉक्टरांची बायको. म्हणजे या डॉक्टरांची नव्हे."

"मग तुजं मालक कुठं हाईत?"

"आफ्रिकेत. तिथल्या लोकांचे डोळे बघायला."

तिने तोंडातली पेज गिळली. मग म्हणाली, "भांडून गेल्यात?"

"नाही हो."

"खरं सांग की. म्या कुनाला सांगाय जातीया? मला तर तुजं तोंड बी दिसंना."

हसू आलं. नंतर मात्र चमचा हातातच राहिला. भांडण कुठलं! क्लबात ठरलं, डॉ.नी घरी येऊन सांगितलं, मी बॅग भरली. त्या वेळी भांडायला हवं होतं.

१५ डिसें., शुक्रवार

पट्ट्या सोडल्या. कोल्हापूरहून हमीदभाई चष्मेवाले पेटी घेऊन आले. क्लबात भाषण न करणारा हा एकच मेंबर. त्यांनी म्हातारीला जाड भिंगाचा चष्मा चढवला. तिने आधी मलाच बघितलं, खालपासून वरपर्यंत. "आवाजावरनं मला म्हातारी वाटलीवतीस की ग!" अख्खा वर्ग हसला. मी सगळ्यांत जास्त.

निघताना तिने गालाला हात लावला. एस.टी.त बसल्यावर आठवलं, नाव विचारायचं राहिलंच.

घरी आले. आत शिरून सवयीने "अहो" म्हटलं.

१८ जानेवारी १९७९, गुरुवार

पाटोळ्यांकडे हळदीकुंकू. सुमनवहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं. "पुढच्या गुरुवारी तुमचा सत्कार आहे. हे म्हणाले सांगू नको, पण साडी बरी नेसा."

शिबिरात राहिले म्हणूनच असणार. घरी येऊन हिरवं इरकल काढलं, इस्त्री केली. आरशासमोर धरून बघितलं. या वयात! पण आनंद झाला, उगाच नाही कशाला म्हणू. कुणीतरी माझ्या नावाने बोलावलंय.

२५ जाने., गुरुवार

नीट लिहिते.

शाल घातली. नारळ दिला. पाटोळे माईकवर. म्हणाले, आपले डॉक्टर अजून दोन वर्षं तिथेच राहून सेवा करणार आहेत, तसं त्यांनी कळवलंय, आणि हे कुणामुळे शक्य होतंय, तर या माउलीच्या त्यागामुळे.

टाळ्या. लोक उभे राहिले. मीही उभीच होते, हातात नारळ. दोन वर्षं हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं.

"वहिनी, दोन शब्द." माईक पुढे आला. मी 'आभारी आहे' म्हटलं. का म्हटलं? तोंडात तेच होतं. शिबिराचं नावसुद्धा निघालं नाही.

पाटोळ्यांनी मोटारीने सोडलं. वाटेत सहज सांगावं तसं, "तिकडच्या क्लबचा एक दंडक आहे, मुदत वाढवायची तर कुटुंबाची संमती लागते. महिन्याभरात कळवू. आपली एक औपचारिकता."

म्हटलं, "मला हे आज कळलं."

"डॉक्टर बोलले नाहीत? मला म्हणाले, तुम्ही सांगा, तुमचं ती ऐकेल. मी म्हटलं नुसतं काय सांगायचं, जरा मानाने सांगू."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

त्यांनी गाडी चक्क बाजूला घेतली. माणूस वाईट नाही, खरंच गोंधळले होते. "आता? अहो वहिनी, टाळ्या झाल्या की!"

२७ जाने., शनिवार

पेपरात फोटो. नारळ छान आलाय.

भाजीवाली, पोस्टमन, समोरचे निवृत्त मास्तर, सगळे अभिनंदन करतायत. मुलीचा बडोद्याहून फोन. "आई, किती मोठं मन आहे ग तुझं!" तिला काही सांगितलं नाही. तिचंही मन मोडेल. आता सगळ्या गावाचं मन सांभाळत बसायचं.

३० जाने., मंगळवार

हमीदभाई आले. शिबिरातले उरलेले चष्मे कुठे द्यायचे विचारायला, म्हणाले. चहा घेतला. कप ठेवताना म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमास्नी ठावंच न्हवतं न्हवं? मी पुढंच बसलोतो. तुमचं तोंड बघितलं."

मी नाही म्हणून मान हलवली.

"वाटलंच. टाळ्या वाजवल्या खऱ्या मी बी. नंतर हात कसनुसं झालं." एवढंच बोलून गेले.

दार लावलं आणि रडले. बऱ्याच दिवसांनी, मोठ्याने. घरात कोणी नाही याचा एवढा एक फायदा.

४ फेब्रुवारी, रविवार

ट्रंक कॉल. परवा नोंदवला, आज लागला. तिकडून स्वतःचाच आवाज परत येत होता.

"पाटोळ्यांनी सांगितलं ना?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर. तुम्ही मला का नाही विचारलंत?"

खरखर. मग, "तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो."

"इथे माणसं चार-चार दिवस चालत येतात ग. मी गेलो की हे टेबल रिकामं. कोल्हापुरात मी नसलो तर दुसरा आहे."

डोळ्यांसाठी दुसरा आहे, हे ओठांवर आलं होतं. ऑपरेटर मध्ये आला, वेळ संपला. तेवढ्यात डॉ. घाईने म्हणाले, "तूच येतेस का इकडे?" मी काही बोलायच्या आत लाइन गेली.

बोलावलं की बोलायचं म्हणून बोलले? जायला मी तयारही झाले असते. नोव्हेंबरातल्या पत्रात विचारलं असतं तर. आता शालीनंतर विचारतायत.

१६ फेब्रु., शुक्रवार

रोज ठरवते, रोज मोडते. तिथे चालत येणारी माणसं डोळ्यांपुढे येतात, आणि प्रत्येकाला त्या म्हातारीचंच तोंड असतं. मी नाही म्हटलं तर त्यांचा गुन्हा काय? मग रात्र होते आणि दुसरीकडून तेच. माझा तरी काय?

हो म्हणणं सोपं आहे. काही करावं लागत नाही, सगळ्यांनी ते आधीच गृहीत धरलंय.

१ मार्च, गुरुवार

फॅमिली नाइट. पाटोळे दारातच, "वहिनी, तेवढं कळवून टाकू ना?" म्हटलं, माईकवरून सांगते. खूश झाले.

उभी राहिले. माईक हातात धरला. बोलले ते असं, आठवतं तसं: डॉक्टर तिथे चांगलं काम करतायत. मला ते घरी हवेत. दोन्ही खरं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, आज विचारलंय म्हणून सांगते, माझी संमती नाही.

पाटोळे माईककडे आले आणि त्याचं बटण बंद केलं. मग कुणीतरी जेवण वाढायला सांगितलं.

आज माझ्या टेबलावर पर्सासुद्धा नव्हत्या. हमीदभाई ताट घेऊन येऊन बसले. माझ्याबरोबर जेवले. हात धुताना सुमनवहिनी शेजारी आल्या, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, "माझी छाती झाली नसती." लगेच गेल्या. कौतुक केलं की नावं ठेवली, अजून कळलं नाही.

११ मार्च, रविवार

कुणी येत नाही. अभिनंदन बंद. मुलीने फोनवर विचारलं, "आई, लोकांसमोरच का?" म्हटलं, मलाही लोकांसमोरच सांगितलं होतं.

पुढच्या शिबिराची बैठक झाली म्हणे. मला निरोप नाही. ते मात्र लागलं.

२९ मार्च, गुरुवार

डॉ.ची तार. इंग्रजीत, जेमतेम एक ओळ. अर्थ असा की शनिवारी सकाळच्या गाडीने पोचतो, तू सांगितलंस म्हणून.

राहायला येतायत की मला समजवायला, की मला घेऊन जायला, ते तारेत काहीच नाही. पाटोळ्यांना मात्र कळलंय. हार आणि बँड घेऊन स्टेशनवर जाणार आहेत, मोटार पाठवतो म्हणाले. मी नको म्हटलं.

दुपारभर दवाखाना झाडला. टेबल पुसलं. पुसता पुसता तिथलं दुसरं टेबल डोळ्यांपुढे, कंदील, आणि बाहेर उन्हात बसून राहिलेली माणसं. त्यांना कोण सांगणार, डॉक्टर का गेले ते?

चोवीस वर्षांच्या संसारात माझ्या सांगण्यावरून डॉ.नी केलेली ही पहिली गोष्ट. आनंद व्हायला हवा. भीती वाटते. शनिवारी दारातून आत येतील, बॅग ठेवतील, माझ्याकडे बघतील. त्या बघण्यात काय असेल याचाच विचार करतेय आणि दिवा घालवायला उठवत नाही.