शहाण्णवावी काडी

सोमवार, ३ मार्च

बहात्तर काड्या झाल्या, चोवीस उरल्या. पितळेची काडी, दोन्ही टोकांना वितळत्या कथलाचा डाख — चुर्र, चुर्र — की पुढची! दुकानात दिवसभर रेडिओ दुरुस्त करा आणि घरी येऊन बाबांच्या भूमितीतला हा चौथ्या मितीतला प्राणी. म्हणजे त्याची तीन मितींतली सावली. चोवीस गाठी, प्रत्येक गाठीला आठ काड्या. खालच्या मितीत ह्याला जोड नाही, वरच्यातही नाही. "तुझ्यासारखाच एकुलता," बाबा म्हणतात.

शनिवारी बाबांच्या कॉलेजचे विभागप्रमुख घरी येणार. दृष्टी गेली म्हणून काढून घेतलेला वर्ग परत द्यायचा की नाही, ते बाबा हे मॉडेल कसं शिकवतात त्यावर ठरणार. बाबांचं आपलं एकच — "चौथी मिती डोळसांना तरी कुठे दिसते? तिथे सगळे सारखेच!"

मंगळवार, ४ मार्च

पाठ मोडली.

बुधवार, ५ मार्च

पंचाण्णव. बाहेरून सुरुवात केली तिथेच चुकलं. शेवटची काडी अगदी आतल्या दोन गाठींमध्ये, हातच जाईना. बोट भाजलं. बाबा शेजारी खुर्चीत, मान खाली — डोळा लागला होता. दिली सोडून! एका काडीने काय आभाळ कोसळतंय?

मग बाबांनी सगळ्यावरून बोटं फिरवली. "शहाण्णव. शाब्बास!" सुटले बाई!! लाजही वाटली, थोडी.

शुक्रवार, ७ मार्च

चहाचा कप मला धरवेना, आणि बाबा दोन्ही हातांनी गच्च धरून बसलेले. "बाबा, भाजतंय!"

"हो का?"

बोटांच्या टोकांना फोड आलेत. रक्तातल्या साखरेने आधी डोळे नेले, आता बोटं. म्हणजे बुधवारी त्यांच्या बोटांना काही जाणवलंच नव्हतं! उद्या गाठीला हात लावून सांगणार काय? आणि तिथे एक काडी नाहीच, माझ्या आळशीपणामुळे.

ते आत आडवे झाल्यावर काडी लांब चिमट्यात धरून बसवली एकदाची.

शनिवार, ८ मार्च

बाबांनी मॉडेलला हातच लावला नाही. विभागप्रमुखांना म्हणाले, "डोळे मिटा. कुठे जायचं मी सांगतो, मोजायचं तुम्ही." चोवीसच्या चोवीस गाठी! सगळीकडे आठ. आतल्या गाठीपाशी साहेब थांबले तेव्हा मीही मनात मोजू लागले.

वर्ग मिळाला!

रविवार, ९ मार्च

राहवेना. सांगून टाकलं — बुधवारी पंचाण्णवच होत्या.

"माहीत आहे. चुर्र मोजत होतो. परवा आणखी दोन ऐकले, मग निवांत झोपलो."

"मग शाब्बास कशाला म्हणालात?"

"तू दमली होतीस."