कपभर चहाच्या किमतीत

प्रिय घुम्या,

पाकीट बघून दचकू नकोस. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. फोन का नाही केला असं विचारशील, तर फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. दर रविवारी मी विचारते जेवलास का, तू म्हणतोस हो. तू विचारतोस गुडघा कसा आहे, मी म्हणते आहे तसाच. मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकतो आणि तू म्हणतोस, चल, ठेवतो. घुम्या हे नाव मीच तुला ठेवलं, पण हा गुण तू कोणाकडून उचललास हे मला अलीकडे कळायला लागलंय. मला काही सांगायचं आहे आणि ते सलग सांगायचं आहे, म्हणून कागद घेतला.

आधी बातमी. आमचे मालक काम सोडतायत. त्यांचा हात फार थरथरतो आता. म्हणतात, कवळी बसवताना पेशंटच्या आधी माझेच दात वाजतात. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली कवळ्या घडवल्या, तर त्यांनी सरळ विचारलं, बाई, तुम्ही चालवाल का? मेण तापवायची शेगडी, पॉलिशचं मशीन, साचे, सगळं ठेवून जातो, पैसे जमतील तसे द्या. जागेचा करार तेवढा तुमच्या नावावर करून घ्या. जागेची मालकीण वरच राहते. तिच्या वरच्या ओळीतले सहा दात माझ्या हातचे आहेत, पण त्याच दातांनी हसत ती म्हणाली, ओळख वेगळी आणि करार वेगळा, तुमचा क्रेडिट रिपोर्ट आणा. महिनाअखेरपर्यंत आणला नाही तर मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण तिच्या दारात उभाच आहे. मी हो म्हटलं. आनंद झाला का ते विचारू नकोस. गेले आठ महिने मला कशाचंच फारसं काही होत नाही. पण सकाळी उठून जायला माझ्याकडे ती एकच जागा आहे, आणि ती गेली तर दिवसभर मी काय करीन हे मला खरंच माहीत नाही.

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे आपण आजवर कुठे कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की नाही, त्याचं प्रगतिपुस्तक. आपलं प्रगतिपुस्तक आपल्यालाच विकत घ्यावं लागतं, हे मला नवीन होतं. बसथांब्यावर जाहिरात होती: तुमचा क्रेडिट रिपोर्ट, कपभर चहाच्या किमतीत. म्हटलं बरं झालं. दुपारच्या सुट्टीत हाताला लागलेलं साच्यांचं प्लास्टर धुऊन बसले. नाव, जन्मतारीख, पत्ता, त्याआधीचा पत्ता, त्याच्याही आधीचा. चहाचे पैसे कापले गेले आणि पडद्यावर एक रंगीत घड्याळ आलं, त्याचा काटा मधेच लटकलेला. खाली लिहिलं होतं, हा फक्त नमुना, पूर्ण रिपोर्टसाठी सुवर्ण योजना घ्या. सुवर्ण योजना महिन्याच्या महिन्याला पैसे कापणारी निघाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तरी घेतली. तेव्हा त्यांनी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपीचा आकडा पाठवला. तो मोबाइल म्हणजे बाबांचा.

माझे हात दिवसभर प्लास्टरमध्ये, म्हणून सगळीकडे त्यांचाच नंबर दिलेला, आठवतं ना? त्यांचा फोन खणात आहे. मी तो दर दोन दिवसांनी चार्ज करते. का करते ते विचारू नकोस, हात करतात. घरी जाऊन पुन्हा सगळं भरलं आणि खण उघडून बसले. फोन वाजला. आठ महिन्यांनी त्यांना कोणाचा तरी निरोप आला होता, आणि तो मीच मागवलेला. मी तो आकडा पाहत बसले, तेवढ्यात मुदत संपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी आकडा वेळेत घातला. मग चार पत्ते दाखवून विचारलं, यांपैकी कुठे राहिला होतात? आपण तिघं त्या गिरणीमागच्या दोन खोल्यांत होतो, तो पत्ता ओळखला. सगळी उत्तरं बरोबर आली आणि पडद्यावर आलं, या व्यक्तीची माहिती देता येत नाही. कारण काही नाही. पैसे मात्र कापले गेले होते.

मग त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा, नाकी नऊ आले. शेवटी एक मुलगी आली, आवाज फार गोड. तिने माझं नाव टाइप केलं. मग हळूच विचारलं, आपण त्यांच्या कोण? मी म्हटलं, मी तीच. ती म्हणाली, मॅडम, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, पण मयत व्यक्तीचा रिपोर्ट वारसालाच देता येतो. मला आधी कळलंच नाही. मग कळलं की त्यांच्या वहीत मी गेलेली आहे. तुला हसू येईल, मालकांना तर इतकं आलं की त्यांना स्टूल द्यावं लागलं. मी हसले नाही आणि चिडलेही नाही. खरं सांगू, त्या मुलीचे ते शब्द ऐकून मला बरं वाटलं. मी तिला थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्यांच्या ऑफिसात गेले. नंबराची चिठ्ठी घेतली, दोन तास लोखंडी खुर्चीवर बसले. काचेआडचा माणूस भला होता, माझी ओळखपत्रं उलटीसुलटी करून बघितली. मी म्हटलं, अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला, मी समोर उभी आहे. तो म्हणाला, ताई, मला दिसताय हो तुम्ही, पण सिस्टिमला दिसत नाही. सिस्टिमला आठ महिन्यांपूर्वी बँकेने कळवलंय. बँकेने दुरुस्ती पाठवली की आम्ही रिपोर्ट देऊ, तोही फुकट. माझ्यामागे रांगेत असलेला गृहस्थ म्हणाला की त्याचं न घेतलेलं कर्ज काढून टाकायला त्याला दीड वर्ष लागलं, तुमचं तर मरण आहे, जास्तच लागेल. मी मान डोलावली आणि बाहेर आले.

बँकेत एक चष्मेवाली अधिकारी आहे, तरुण, तुझ्याएवढीच असेल. मी तिच्या टेबलाशी बसून पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, कोणत्या गाढवाने हे केलं ते मला बघायचंय. ती उठली. आत गेली, फाइल शोधून आणली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. संयुक्त खात्याचा फॉर्म. दाखला त्याला बरोबर जोडलेला, बाबांच्या नावाचा, दवाखान्याच्या शिक्क्याचा. पण फॉर्मवर पहिल्या ओळीत छापलेलं, मयत खातेदाराचे नाव, आणि त्यापुढे माझं नाव. दुसऱ्या ओळीत, हयात खातेदाराचे नाव, आणि तिथे बाबांचं. अक्षर माझं. वळणदार, एक खाडाखोड नाही. कारकुनाने फॉर्म बघितला, दाखला उलटून बघितला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंबलायचं कोणाच्या नावाने? आठ महिने मी बाबांच्या एकट्याच्या झालेल्या खात्यातून भाजी आणतेय, आणि मालक पगार पाकिटात देतात म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.

ही चूक आपल्याच घरात होऊ शकते. बाबांना कागद म्हटला की घाम फुटायचा. दिवसभर बाराव्या मजल्यावर दोरीला लटकून लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण फॉर्म दिसला की माझ्या दिशेने सरकवायचा आणि म्हणायचा, तू भर, मी सही ठोकतो. एकदाच त्यांनी स्वतः भरला, विम्याचा, आणि ‘उंची’ या रकान्यात लिहिलं, बारा मजले. त्यानंतर एकतीस वर्षं प्रत्येक फॉर्म मीच भरला, आणि खातं माझ्या नावावर आधी उघडलेलं म्हणून पहिल्या ओळीत माझं नाव, दुसऱ्या ओळीत त्यांचं. शाळेचा, गॅसचा, घरभाड्याचा. हाताला तेच वळण. त्या दिवशीही हाताने तेच केलं. ओळीत काय छापलंय ते वाचायला मी तिथे नव्हतेच बहुतेक.

आणि त्याच फॉर्मवर खाली, साक्षीदार म्हणून, तुझी सही आहे. मी तुला दोष देत नाही, हे नीट लक्षात घे. मी फॉर्म तुझ्याकडे सरकवला, तू सही ठोकलीस, अगदी बाबांसारखी. तू त्या चार दिवसांत सगळं धावून धावून केलंस, कोणाला कुठे उभं राहायचं ते सांगितलंस, चहाचे कपसुद्धा तू विसळलेस, आणि पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने तुझ्या जमिनी मोजायला परत गेलास. स्टेशनवर तू म्हणालास, काही लागलं तर सांग. मी म्हटलं, काही लागत नाही. तेव्हापासून आपली अळीमिळी गुपचिळी चालू आहे. तुला वाटतं आईसमोर विषय काढू नये, मला वाटतं पोराला त्रास नको. दोघंही शहाणे.

चष्मेवालीने कोरा फॉर्म दिला. म्हणाली, काकू, पाच मिनिटांचं काम आहे, भरून आणा, दोन दिवसांत रिपोर्टवाल्यांना कळवते. ती गोष्ट आज अकरा दिवसांची झाली. फॉर्म जेवणाच्या टेबलावर आहे. दुसरी ओळ भरली, खाते क्रमांक भरला, तारखा भरल्या, पत्ता भरला. पहिल्या ओळीपाशी घोडं अडलंय. रोज सकाळी पेन उघडते आणि बंद करते. रडू येत नाही, हात कापत नाही, नुसतं लिहिलं जात नाही. मालक विचारतात, झालं का काम? मी सांगते, सिस्टिम बंद आहे. बावीस वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. महिना संपायला नऊ दिवस उरलेत, कव्हरवाला काल येऊन भिंती मोजून गेला. सगळ्यांना वाटतंय की कंपनीने मला अडवलंय. कंपनीने पहिला आठवडाभर अडवलं, पुढचं माझं मीच.

आता हे पत्र का ते सांगते. तुझे बाबा गेले, घुम्या. हे वाक्य मी आठ महिन्यांत पहिल्यांदा लिहितेय, आणि लिहिता आलं ते तुला लिहीत होते म्हणून. फॉर्मवर मात्र एकटीने बसून ते जमणार नाही, ते मी करून बघितलं. साक्षीदार कोणीही चालतो, मालक एका पायावर तयार होतील, पण मला तू हवा आहेस. म्हणून फॉर्म या पाकिटात घातलेला नाही. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने निघ. पहिल्या ओळीत त्यांचं नाव मी लिहीन, ते तुझ्याकडून लिहून घेणार नाही. तू फक्त माझ्या शेजारी बस, लिहून झालं की मोठ्याने वाच, आणि वाचून झाल्यावर सही कर. आवाज फुटला नाही तर थांबू, मला घाई नाही. पण त्याच दिवशी ते बँकेत द्यायला हवं, आणि शनिवारी बँक एक वाजता बंद होते.

खरोखरच जिवंत असलेली, तुझीच,
आई