शिवणघराचं बाथरूम

आई, काल मी भरल्या सभागृहात तुझ्या लघवीबद्दल बोलले. हातात माईक, अंगावर ठेवणीतली नारायणपेठ, पहिल्या रांगेत संस्थेचे संचालक, पुढारी, मुंबईहून आलेली फॅशनवाली मंडळी, आणि मी सगळ्यांना सांगतेय की माझी आई दिवसभर पाणी प्यायची नाही, कारण कंपनीत बाथरूमला जायची पंचाईत होती. एका बाईनं डोळे पुसले. मग टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तू शेजारी असतीस तर तिथल्या तिथे मांडीला चिमटा काढला असतास. ‘चारचौघांत सांगायच्या गोष्टी हायत का गो ह्या?’ पण तू रागावशील म्हणून मी लिहायला बसलेली नाही. तो राग मी सहन केला असता. तुझी गोष्ट अगदी खरी सांगितली आणि तिच्या जोरावर एक खोटं खपवलं, त्याचं काय करू ते कळत नाहीये.

तुला आधी नीट सांगते, नाहीतर म्हणशील, तुझं काय चाललंय ते मला कधी समजलंच नाही. खांब गाव सोडून रोह्याकडे जाताना टेकडीच्या उतारावर एक फॅशन इन्स्टिट्यूट उभं राहिलंय. कपडे कसे आखायचे, कसे कापायचे, रंग कसे द्यायचे, हे शिकवायचं कॉलेज. तू हसणार. ‘शिवण शिकाया कॉलेज? नि शिवतंय कोण?’ बरोबर विचारलंस. मुलं कागदावर चित्रं काढतात, आणि त्यांचे कपडे शिवून देतात पेण-रोह्याकडच्या, आसपासच्या वाड्यांवरच्या बायका. त्यांच्यासाठी वेगळं शिवणघर आहे. हा सगळा कॅम्पस तुझ्या मुलीनं आखला. वर्ग, रंगशाळा, कापडांचं ग्रंथालय, मुलींचं हॉस्टेल, मधोमध मोकळं अंगण, फॅशन शोसाठी उंच छताचं सभागृह. कापणीच्या टेबलांवर उत्तरेचा उजेड यावा, सावली पडू नये, म्हणून मी आठवडेच्या आठवडे छपराशी झगडले. वर्ग सुरू होऊन काही महिने झाले, रीतसर उद्घाटन काल झालं.

तुझ्या कंपनीची रामवाडीची ती शेड मला अजून स्वप्नात दिसते असं लिहिणार होते, पण दिसत नाही. आठवावी लागते. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना मशिनांच्या रांगा, आणि मधल्या रांगेत तू शर्टांना कॉलर बसवतेस. संडास नव्हता असं नाही. कंपाउंडच्या पार टोकाला होता, आणि जायचं तर सुपरवायझरला विचारून. तो आधी घड्याळाकडे बघायचा, मग तेवढ्या वेळात किती कॉलर राहतील ते मोठ्यानं म्हणायचा, कटिंगवाले पुरुष ऐकतील असं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. म्हणून तुम्ही बायकांनी आपापसात उपाय काढला होता. सकाळच्या चहानंतर पाण्याचा घोट नाही. आणि तहानच लागू नये म्हणून डब्यात मीठ नाही. तुझं माहेर खाडीकाठचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं, आणि डबा मात्र अळणी. सुकट नाही, लोणचं नाही, पेणला घरोघरी लाटतात ते पापडसुद्धा नाहीत. भाकरी अळणी, भाजी अळणी. मला कितीतरी वर्षं वाटायचं, आईला अळणीच आवडतं.

संध्याकाळी तू येतेस, चपला दारात भिरकावतेस, आणि माठापाशी उभ्यानंच तांब्या तोंडाला लावतेस. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून ब्लाऊजवर. मी अभ्यास सोडून खिदळते, ‘आई, माठाला बूड राहिलंय का बघ!’ तू पदरानं तोंड पुसतेस आणि म्हणतेस, ‘गप गो.’ एकदा शेजारीण बसलेली असताना मी शहाणपणानं सांगून टाकलं की आमची आई कंपनीत शू लागेल म्हणून पाणीच पीत नाही. काय चिमटा काढलास! तो वळ मी शाळेत मैत्रिणींना दाखवला होता. शेजारीण गेल्यावर मात्र तू मला जवळ ओढलंस आणि त्या तुझ्या शेजारच्या मशिनवरच्या बाईचं सांगितलंस. तिनं मालकापाशी बाथरूमचा विषय काढला होता, आणि थोड्याच दिवसांत ती घरी बसली. ‘जी मागते तिचं नाव होतं, बाय. नाव झालं की काम गेलं. फी कोन भरील तुझी?’ असं म्हणून तू भाकरी थापायला बसलीस.

पुढे तुला सारखा ताप यायला लागला, कंबरेत कळा. रोह्याच्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणालीस, ‘पिते की.’ मी शेजारीच उभी होते. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची घोडी, सगळं माहीत असलेली, आणि त्या जुन्या चिमट्याच्या धाकानं गप्प. डॉक्टरांना खरं कळलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, ते काल उघडलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता नकाशाचं ऐक. पहिल्या आराखड्यात बाथरूम शिवणघराला लागूनच होतं. त्यात माझा मोठेपणा नाही, कॉलेजातलं पोरही ते तिथेच काढील. पण शिवणघराची ती बाजू रस्त्याकडे येते, आणि तिथे मला जांभ्या दगडाची एक लांबलचक जाळीदार भिंत हवी होती. एकसंध, मध्ये कुठे तुटणार नाही अशी. बाथरूमच्या चिमुकल्या खिडक्या आणि पाइप नेमके तिच्यात यायचे. संचालकांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, ‘सुंदर आहे. फक्त या कोपऱ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय.’ बस, एवढंच. हलवा असं ते म्हणाले नाहीत. मीच म्हणाले, ‘होऊन जाईल.’ आणि त्यांच्यासमोर बसल्या बसल्या ते बाथरूम उचललं आणि कँटीनच्या मागे नेऊन ठेवलं. त्यांना फक्त कोपरा मोकळा झालेला दिसला; तिथे काय होतं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शिवणघरातून बाहेर, उघडं अंगण ओलांडायचं, मग पायऱ्या उतरायच्या. रिकाम्या झालेल्या जागी कापडाच्या ताग्यांची खोली केली, कारण ताग्यांना खिडकी लागत नाही. विद्यार्थ्यांच्या स्टुडिओत प्रत्येक मजल्यावर बाथरूम आहे, मोठ्या आरशांसकट. तिथे या बायकांना कुणी अडवत नाही, पण त्या जात नाहीत.

पैसे वाचवायचे होते म्हणून नाही, जागा अपुरी होती म्हणून नाही. भिंत सरळ दिसावी म्हणून. आणि तेव्हा तू मला आठवलीसुद्धा नाहीस, हे जास्त लागतंय. तुला आठवून, मन घट्ट करून केलं असतं तर निदान पापी तरी म्हणवून घेता आलं असतं. मी तर खुशीत घरी आले, नवऱ्याला म्हणाले, आज नकाशा कसा छान सुटला, आणि आम्ही जेवायला बाहेर गेलो.

कालच्या भाषणात हे काही सांगायचं ठरवलं नव्हतं. उजेड, वारा, दगड यावर बोलणार होते. पण माझ्या आधी बोलणारे मनापासून बोलले, लोक हेलावले, आणि मलाही वाटलं की आपण कोरडं कसं बोलायचं. मग तू आलीस. मीठ, माठ, सुपरवायझर, सगळं आलं. तू त्यानंच गेलीस हे तेवढं सांगायचं राहिलं. आणि शेवटी मी म्हणाले, ‘या वास्तूत एकाही बाईला तहान मारून बसावं लागू नये, हाच माझा पहिला विचार होता.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. शिवणघरातल्या बायका सगळ्यात मागे बसल्या होत्या, एकसारख्या निळ्या साड्यांत. बाथरूम कुठे आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी त्यांच्यातली एक माझ्याकडे आली. खांबजवळच्या वाडीवरची, पन्नाशीकडे झुकलेली, हातात कप, डोळ्यांत मिस्कील चमक. ‘भाशन बेस झालं मॅडम,’ ती म्हणाली. ‘फक्त ती बाथरूम कुठं हाय ती दाखवा. आम्हाला तर अजून नाय गावली.’ तिच्या मागच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. माझा चेहरा कसा झाला असेल ते तूच ओळख. मी म्हणाले, ‘खाली आहे ना, कँटीनच्या मागे.’

‘व्हय, ती म्हायती हाय. उतरून जाऊन येईस्तोवर हितं पोरं कपडे घेऊन उभी. मावशी कुठं गेल्या, मावशी कुठं गेल्या. कोन जातंय मग?’

‘आणि पाणी?’

‘तुमच्या आईवानी,’ ती सहज म्हणाली. ‘घरी जाऊन.’

‘अहो, मग कुणाला सांगितलं का नाहीत?’ मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. वर मीच चिडले, बघ. तिचं हसू मावळलं. ‘आमचं नाव नका घेऊ हां कुठं. माझ्या पोरीचं कॉलेज चालू हाय.’ मग तिनं विचारलं, ‘तुमच्या आईला काय झालं मग?’ मी सांगितलं, किडन्या गेल्या. ‘त्याच्यानंच?’ मी म्हणाले, ‘डॉक्टर तसं म्हणाले.’ मागच्या दोघींचं हसणं थांबलं. ‘अगो बाय,’ त्यातली एक हळूच म्हणाली. मला संचालकांनी हाक मारली आणि मी सुटले, म्हणजे पळालेच.

आज सकाळी संचालकांचा फोन. ‘मॅडम, काल तुम्ही सगळ्यांना रडवलंत. आईंचा एखादा चांगला फोटो पाठवा. शिवणघराच्या दारावर लावू, खाली ती पाण्याची गोष्ट दोन ओळींत.’ माझ्या डोळ्यांसमोर आलं, तू दारावर हार घालून बसली आहेस, आणि तुझ्याखालून त्या बायका सकाळी कोरड्या घशानं आत जातायत. असा संताप आला ना! संचालकांचा आला, आणि त्यांचा कशाला, त्या बिचाऱ्यांनी भाषण खरं मानलं होतं. मी म्हणाले, ‘फोटो नको. त्या ताग्यांच्या खोलीत बाथरूम करायचं. पाण्याची लाइन जवळ आहे, फार तोडफोड नाही. नकाशा आजच देते.’

‘आता? अहो, कालच उद्घाटन झालं.’ मग त्यांचा आवाज खाली आला. ‘बायकांनी काही तक्रार केली का? कुणी केली?’

चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण रोह्यातल्या त्यांच्या पुढच्या हॉस्टेलचं काम मला मिळायचंय, काल त्याच सभागृहात ते तसं म्हणालेत, आणि काल मी काय म्हणाले तेही सगळ्यांनी ऐकलंय. मी म्हणाले, ‘नाही, बायकांनी नाही. आईनं.’

मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘समजलो, मॅडम. आईंच्या आठवणीसाठी. उद्या कंत्राटदाराला बोलावतो.’

बाथरूम होईल. मी स्वतः उभी राहून करून घेणार आहे, भिंतीला खिडक्या पडल्या तर पडू देत. त्या बाईचं नाव कुठे गेलं नाही, तेवढं मात्र सांभाळलं. पण बाथरूम तिथून हलवलं कुणी आणि कशासाठी, हे संचालकांना अजून ठाऊक नाही. जन्मभर सुपरवायझरला साधं ‘जाऊन येते’ म्हणायला जी लाजलीस, ती तू तक्रार केलीस असं ते धरून चाललेत, आणि मी ते तसंच राहू दिलंय.