रेवाचा शेवट मी रचला होता

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि तुझ्यापासून दूर मी कधी राहिलेच नाही, म्हणून तुला पत्र लिहायची वेळ आली नाही. आज लिहितेय आणि लिहिलेली ओळ लगेच हळू आवाजात वाचतेय, तुला सवय होती तशी. कमल बिड्या द्यायला कारखान्यात गेली आहे. मुनीम खराब बिड्या वेगळ्या काढून छाटणी करेपर्यंत तिला बसावं लागेल. ती यायच्या आत मला हे संपवायचं आहे, कारण ती आली की मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. आणि माय, मला तिची, माझ्या धाकट्या बहिणीची, भीती वाटतेय.

काल काय झालं ते आधी ऐक.

भिवापूरच्या शाळेचं पत्र आलं. मला शिक्षिकेची जागा मिळाली. सोमवारी रुजू व्हायचं. बाबांनी ते पत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि गिरणीच्या पाळीला निघून गेले. गिरजाकाकू ओसरीवरूनच ओरडल्या, "भिवापूरची मिरची आनजो वं सुमन. तुह्या बीएनं काही भाजीले चव येत नाही."

ओसरीवर बिड्या वळणाऱ्या सगळ्या हसल्या. तुझ्या जागेवर बसलेली कमल हसली नाही. मी तिला म्हटलं, "तू शनिवारपासून शाळेत जा. मोठ्या बाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत आली नाही तर नववीच्या हजेरीतून तुझं नाव काढतील."

ती मान वर न करता म्हणाली, "मी नाही जात. तू जा भिवापूरले." मग दोरा दातानं तोडला आणि पुढचं वाक्य आपल्या बोलीत नाही, पुस्तकात असतं तसं बोलली. "घरात एकीला मोठं व्हावंच लागतं. तेव्हाच दुसऱ्याला पुढे जाता येतं."

हे वाक्य तिचं नाही, माय. ते रेवाचं आहे. आणि खरं तर रेवाचंही नाही.

तुला रेवा आठवते ना? आपल्या ओसरीवर तुम्ही पाच जणी बिड्या वळायच्या आणि मी इतवारीच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचायची. माझ्या वाट्याची पानं कापायचं काम कमलकडे गेलं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची. टिनाचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवता फिरवता तीही ऐकायची. वेळ मोजायची तुमची रीतच वेगळी होती. "दोन कट्टे होईतो वाच, मंग पान मोड," तू म्हणायचीस. दोन कट्टे, म्हणजे पन्नास बिड्या, झाल्या की गोष्ट तिथेच थांबायची, मग कुणी नदीत पडलेलं का असेना.

रेवा समुद्राकाठच्या गावातली होती. गिरजाकाकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "समुद्र म्हनजे अंबाझरी तलावाहून मोठा काय वं?" मीही पाहिलेला नव्हता. पण मी अगदी ठामपणे सांगितलं, "दहा अंबाझरी." तेव्हा मी जे सांगेन ते खरं असायचं. कमल अजून अक्षरं जुळवत होती, घरात घडाघडा वाचता येणारी मी एकटी होते.

त्या पुस्तकाला पुढचं कव्हर नव्हतं, मागचा कोरा पुठ्ठा तेवढा उरला होता. रेवाची आई अंथरुणाला खिळते, भाऊ शिकत असतो, आणि रेवा शाळेचं दप्तर उचलते तिथे मी पान उलटलं, तर पुढे काही नव्हतं. शेवटची पानं कुणीतरी फाडलेली. तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात. हात चालू, डोळे माझ्यावर. पानं नाहीत एवढं सांगायचं होतं. का नाही सांगितलं? मला वाटलं, माझीच काहीतरी पत जाईल.

मी तशीच वाचत राहिले, कोऱ्या पुठ्ठ्यावर नजर ठेवून.

माझ्या रेवानं दप्तर खुंटीला टांगलं. म्हणाली, घरात एकीला मोठं व्हावंच लागतं. ती एका दिवसात शहाणी झाली. चूल, आजारपण, पाणी, सगळं तिनं न कुरकुरता केलं. भाऊ साहेब होऊन परतला आणि तिच्या पाया पडला. झालं. दोन कट्ट्यांच्या आत मी एका मुलीचं आयुष्य उरकून टाकलं. ओसरीवरच्या ठमाबाई रडल्या. गिरजाकाकू म्हणाल्या, "असी पोरगी पायजे घरात." बोटांना जर्दा लागलेला, म्हणून सगळ्यांनी डोळे मनगटानं पुसले. मला फार अभिमान वाटला. मी सतरा वर्षांची होते.

कमलचे हात मात्र थांबले होते. ते मला दिसलं होतं. तिला गोष्ट आवडली, असं मला वाटलं.

माय, बीएच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रश्न आला होता, संकटांतून कादंबरीतल्या तरुण पात्रांची वाढ कशी होते ते सोदाहरण लिहा. मी चार पानं लिहिली. दुःखाच्या आचेत माणूस पक्कं होतं, असं काहीतरी लिहून आले. त्याच दिवशी घरी आले तेव्हा तू पदराचा बोळा तोंडात धरून खोकत होतीस. मला पाहिलंस आणि म्हणालीस, "जर्दा उडाला वं." मी मानलं. पेपर चांगला गेला होता ना.

नंतर गिरजाकाकूंनी सांगितलं. तू त्यांना शपथ घातली होतीस. "पोरीची परीक्षा होऊ द्या, मंग जाईन दवाखान्यात." काहून असं केलंस, माय? परीक्षा पुढच्या वर्षीही आली असती. की मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात मुकाट्यानं सोसणाऱ्या बाईला शेवटी कुणीतरी हात जोडायचं, तेच तू खरं मानलंस? माझा निकाल लागला तेव्हा तुला जाऊन पंधरा दिवस झाले होते. हात जोडायला मी होते, पण तू कुठे होतीस?

आता सगळी ओसरी कमलचं कौतुक करते. गिरजाकाकू परवा मला म्हणाल्या, "तुले शिकाले पंधरा वर्स लागले. कमलीले दोन महिन्यात अक्कल आली, पाह्य." बाबांचा डबा वेळेवर. भांडी लख्ख. मुनीम तिच्या बिड्या छाटत नाही, म्हणे तुझ्यासारखाच हात आहे. पूर्वी ती त्याच मुनीमाची नक्कल करायची, चष्मा नाकावर ओढून, एकेक बिडी कानाशी हलवत, आणि तू हसता हसता मांडीवरचं जर्द्याचं सूप सांडायचीस. आता तिला कुणी नक्कल करायला सांगितलं तर म्हणते, "मले कामं आहेत."

मलाही बरं वाटत होतं. हे तुझ्यापासून लपवत नाही. शहाणी बहीण असली की मोठीला मोकळं होता येतं. मी पुस्तकांच्या पेटीची दोरीसुद्धा आणून ठेवली होती.

मग काल दुपारी, ते सगळं बोलणं झाल्यावर, मी जरा आडवी झाले. झोप लागत नव्हती, डोळे मिटून पडले होते. कमल पाय न वाजवता आली. माझ्यावर वाकली. माझ्या नाकापुढे तिनं बोट धरलं. बोटाला माझा श्वास लागला तेव्हा ते काढलं आणि परत जाऊन बिड्या वळायला बसली. थोड्या वेळानं पुन्हा आली, पुन्हा बोट धरलं. त्या बोटाला जर्द्याचा वास होता, तुझ्या हातांना यायचा तसा. मला शिंक येत होती, ती मी दाबून धरली. मी जागी आहे हे कळलं तर ती लाजेल, असं वाटलं.

किती दिवस करतेय ती हे? रोज? बाबा झोपले की त्यांनाही बघते?

तेव्हा मला तुझं बोलणं आठवलं. रेवाची गोष्ट संपली, बाकीच्या जणी रडत होत्या, आणि तू एकटी कोरड्या डोळ्यांनी विचारत होतीस, "मंग ती पोरगी हसली कधी?"

मी म्हटलं होतं, "माय, ती आता मोठी झाली होती."

तू कट्ट्याला दोरा आवळलास. "मोठी नाही झाली. भेली ती पोरगी. भेलेलं लेकरू लई शहान्यावानी वागते."

मी हसले होते. मला वाटलं, तुला कादंबरी कळली नाही. तुझी आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि तुझ्या अंगावर तीन भाऊ होते, हे मला माहीत होतं. तरीही मी तुला समजावून सांगितलं की संकटात पात्रं अशीच बदलतात. तू ऐकून घेतलंस. "असंन बाप्पा," म्हणालीस आणि नवं पान घेतलंस.

माझी कमल मोठी झालेली नाही, माय. भ्यायलेली आहे. आणि तिला भीती लपवायची जागा मीच करून दिली. आता मी गाडीत बसून भिवापूरला गेले, तर मी त्या गोष्टीतला भाऊ होईन. कधीतरी साडी घेऊन येईन, तिच्या पाया पडेन, आणि ओसरीवरच्या सगळ्या जणी डोळे पुसतील. याचीच मला भीती वाटते. लोक मला वाईट म्हणणार नाहीत. उलट गोष्ट छान झाली म्हणतील.

आज सकाळी नळावर मी बाबांना विचारलं, कमलला माझ्याबरोबर नेलं तर? तिथल्याच शाळेत नववीत बसवते. तुमचं जेवणाचं कसं होईल?

बाबांनी आधी बादली भरून घेतली. मग म्हणाले, "तुह्या मायच्या दोन्ही बाळंतपनात भाकरी कोन थापे? शेजारी येत होते का?" आणि जाता जाता, "तिले विचार पहिले. तिले न विचारता सारं ठरवून राहिली तू."

खरं आहे ते. रेवालाही मी विचारलं नव्हतं.

तुझी पत्र्याची पेटी मी आज पहिल्यांदा उघडली. लुगड्यांच्या खाली ते पुस्तक होतं. फाटकं म्हणून वाचनालयवाल्यानं परत घेतलं नव्हतं, ते तू जपून ठेवलंस. कशाला? तुला माहीत होतं का, की त्यात शेवट नाही? मी पान न उलटता इतका वेळ वाचत होते, ते तुला दिसलं नसेल असं आता मला वाटत नाही. मग पाच वर्षं मला बोलली का नाहीस?

शेवटच्या पानावरची शेवटची ओळ अशी आहे, "रेवाने दप्तर उचलले, आईच्या खाटेकडे पाहिले आणि ती म्हणाली". बस, इतकंच.

कमल आली की मी ते पान तिच्या हातात देणार आहे. तिला आता घडाघडा वाचता येतं, तिनं स्वतः वाचावं. मग तिला सांगणार, पुढचं सगळं मी रचलं, मला रेवाबद्दल काही माहीत नव्हतं. ती चिडेल. कदाचित रडेल, कदाचित माझ्याशी बोलणारच नाही. तू जाताना ती रडली नव्हती, माय, त्यामुळे ती रडली तर काय करायचं हेही मला माहीत नाही. पण मी तिथेच बसून राहीन. आणि तिला सांगेन की मलाही भीती वाटते, भिवापूरची, चाळीस पोरांसमोर उभं राहायची, तुझ्याशिवाय राहायची. मी बीए झाले, पण मोठी अजून झालेली नाही.

तुला वचन देते. शनिवारी आम्ही दोघी तिच्या शाळेत जाऊ. ती हो म्हणाली तर दाखला काढायला, आणि इथेच राहते म्हणाली तर तिला वर्गात बसवायला. शाळा सोडून ती इथे राहणार असेल, तर सोमवारच्या गाडीत मी बसणार नाही. आणि दुपारी ती माझ्या नाकापुढे बोट धरायला आली, की यापुढे मी झोपेचं सोंग घेणार नाही. तिचा हात धरीन.

ओसरीवर गिरजाकाकू विचारतायत, "आली का वं कमली? काय म्हने मुनीम?"

पुस्तक माझ्या मांडीवर आहे. पान मोडून ठेवलंय.

तुझी,
सुमन