छत्रीवरचा पत्रा

अतुलभाऊ,

मी सकाळच्या गाडीनं गडचिरोलीले जाऊन राह्यली. भात झाकून ठेवला आहे. मोहफुलं अंगणात वाळत टाकले, बकऱ्या येऊ देऊ नको.

नर्सिंगच्या परीक्षेच्या टीव्ही-क्लासचं पत्र आलं. "विद्यार्थिनींत उत्साह नाही" असं लिहून आपलं केंद्र बंद केलं. तीन हप्ते पुण्याहून टीव्हीवरूनच हाजरी घेतली म्हणे, अन् इथून कोणी बोललं नाई. कसं बोलणार? आम्ही सहा जणी शाळेत काळ्या टीव्हीसमोर वह्या उघडून बसत होतो. पाहाले एक माणूस आला नाई. गडचिरोलीच्या ऑफिसातल्या साहेबाले मी तेच विचारणार आहे. बंद पडायच्या आधी त्याच टीव्हीवरून पुण्याच्या मॅडम एकदा म्हणल्या होत्या, दुर्गाचं उत्तर बरोबर आहे. सकाळी मोह वेचून, घरचंच खाऊन, गावातच शिकून मी नर्स होणार होती.

काल मी शाळेच्या स्लॅबवर चढली. वांदरं मोडतील म्हणून बाबानं टीव्हीच्या छत्रीवर पत्रा बांधला आहे, तारेनं, पक्का. वर पत्रा असल्यावर टीव्हीत काय येणार? शिडी तू धरली होती, भाऊ. तू तर चंद्रपूरले कम्प्युटर शिकून आला. तुले समजलं नाई, का समजून गप राह्यला?

आता पत्रा तूच काढ. बाबाले कारण सांगू नको. पोरीची शाळा आपण वांदरापासून वाचवली, असं तो अजून गावभर सांगत फिरते.

दुर्गा